यीस्टच्या पेशीत पोटॅशियम आणि लोह कसं शिरतं: कॉलेजच्या प्रयोगशाळेत मोजून पाहण्याची रीत

बडोद्यात शेव-उसळीवर लिंबू पिळून घेणारा माणूस रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर वागतो. वाटाण्यातलं लोह बहुतांशी फेरिक, म्हणजे तीन धनभारांचं असतं आणि आतड्याच्या पेशीवरचं वाहक प्रथिन, डीएमटी१, फक्त दोन धनभारांचं फेरस लोह उचलतं. लिंबातलं क जीवनसत्त्व फेरिकचं फेरस करतं. उसळीवर लगेच चहा घेतला तर त्यातली टॅनिनं लोह धरून ठेवतात आणि लिंबाची मेहनत बरीचशी वाया जाते. डीएमटी१ लोहाच्या प्रत्येक आयनासोबत एक प्रोटॉनही (हायड्रोजनचा धन आयन) आत घेतं. तो प्रोटॉन कशाला लागतो, हे कळलं की पेशीच्या पटलावरच्या वाहतुकीचा निम्मा उलगडा होतो. आणि ते समजून घ्यायला आतडं लागत नाही, बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानातलं यीस्ट पुरतं.

पुढची रीत बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पहिल्या दोन प्रयोगांना पीएच मीटर, सेंट्रीफ्यूज, मत्स्यपेटीचा हवेचा पंप आणि फ्लेम फोटोमीटर (ज्वालेच्या उजेडावरून धातू मोजणारं यंत्र) लागतो. तिसऱ्याला कलरीमीटर आणि एक महाग रसायन.

आधी हिशेब, मग बीकर

पेशीचं पटल म्हणजे मधोमध सुमारे ३ नॅनोमीटर जाडीचा तेलकट थर. पाण्याच्या रेणूंनी वेढलेल्या आयनाला ते पाणी सोडून तेलात शिरणं ऊर्जेच्या दृष्टीने परवडत नाही, म्हणून वाट प्रथिनांनीच करून द्यावी लागते. त्या वाटा तीन तऱ्हेच्या. चॅनल उघडलं की सेकंदाला कोटीच्या घरात आयन उताराच्या दिशेने धावतात. वाहक वाड्याच्या देवडीसारखा असतो: बाहेरचा दरवाजा उघडा तेव्हा आतला बंद, आतला उघडा तेव्हा बाहेरचा बंद, दोन्ही एकदम कधीच उघडे नाहीत. त्यामुळे त्याचा वेग सेकंदाला शेकडा-हजारांत राहतो. पंप सर्वांत संथ, सेकंदाला साधारण शंभराच्या आसपास, पण एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्चून चढाच्या दिशेने ढकलण्याचं काम तोच करतो.

यीस्टमध्ये हा पंप पीएमए१ नावाचा. एक एटीपी मोडून तो एकच प्रोटॉन बाहेर टाकतो. एकच का, ते कागदावर दिसतं. आत पीएच ७, बाहेर ४ असेल तर तीन एककांचा फरक, ३०° सेल्सियसला दर एककाला ६० मिलिव्होल्ट धरून १८० मिलिव्होल्ट झाले. पटलावरचा विद्युत्‌दाब १२० मिलिव्होल्ट धरा. एकूण ३०० मिलिव्होल्ट, म्हणजे दर मोल प्रोटॉनला सुमारे २९ किलोज्यूल. पेशीत एटीपी मोडून साधारण ५० ते ५५ मिळतात. दोन प्रोटॉन ढकलायचे तर ५८ लागले असते. बजेटात बसत नाही. बाहेर टाकलेला प्रोटॉन उताराने परत आत येताना हीच ऊर्जा देतो, आणि डीएमटी१सारखे वाहक तिच्यावर आयन आत ओढतात.

पंपामुळे पेशी आतून ऋणभारित होते, आणि त्या ओढीवर पोटॅशियम आत येतं. त्याची वाट टीआरके१ हे प्रथिन. १२० मिलिव्होल्टची ओढ म्हणजे दर ६० ला दहापट या हिशेबाने शंभरपट साठा. आत २०० मिलिमोलर पोटॅशियम असेल तर बाहेर २ मिलिमोलर असेपर्यंत नुसत्या विजेच्या ओढीवर भागतं. बाहेरचं प्रमाण त्याखाली गेलं की पटलावरचा विद्युतदाब वाढवावा लागतो. १८० मिलिव्होल्टला हजारपट, म्हणजे बाहेर ०.२ मिलिमोलरपर्यंत.

सोडियम पोटॅशियमपेक्षा लहान असूनही या वाटेने फारसं का जात नाही, हा प्रश्न परीक्षेत हमखास चुकतो. पोटॅशियम चॅनलच्या चिंचोळ्या भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर असतात की पाणी सोडलेल्या पोटॅशियमला ते चारी बाजूंनी नेमके टेकतात. सोडियम लहान असल्याने त्याला ते नीट टेकत नाहीत, मग पाणी सोडण्याची किंमत वसूल होत नाही. रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने १९९८ मध्ये जिवाणूच्या चॅनलची रचना दाखवून हे स्पष्ट केलं, आणि २००३ चं नोबेल त्यांना पीटर ॲग्रे यांच्यासोबत मिळालं. टीआरके१ हे त्याच कुळातलं दूरचं नातेवाईक.

पहिला प्रयोग: पंप चालू झाला हे पीएचवरून ओळखणं

यीस्ट भिजवण्यातच बरेच जण घसरतात. कोरडं यीस्ट गार पाण्यात टाकू नका. वाळलेल्या पेशीचं पटल घट्ट गोठलेलं असतं; गार पाण्यात ते नीट जुळायच्या आत पाणी शिरतं आणि आतलं पोटॅशियम, अमिनो आम्लं बाहेर पाझरतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी बडोद्यात नळाचं पाणी चांगलंच गार असतं, तेव्हा थर्मामीटर लावून ३८ ते ४० अंशांचं डिस्टिल्ड पाणी घ्या. ५ ग्रॅम यीस्ट ५० मिलिलिटरमध्ये दहा मिनिटं, हळूहळू ढवळत.

आता सेंट्रीफ्यूजमध्ये ३००० आरपीएमला पाच मिनिटं फिरवून वरचं पाणी फेका. डिस्टिल्ड पाण्याने तीनदा धुवा. नंतर २५० मिलिलिटर पाण्यात घेऊन हवेचा पंप लावा आणि पेशींना उपाशी ठेवा. दोन तास हा किमान वेळ. कोरड्या यीस्टमध्ये ट्रेहॅलोज आणि ग्लायकोजेन या राखीव साखरांचा साठा भरपूर असल्याने रात्रभर ठेवलेलं चांगलं. उपास नीट झाला की नाही याची खूण सोपी आहे: साखर घालण्याआधी पाच मिनिटांत पीएच ०.०५ पेक्षा जास्त सरकायला नको. सरकत असेल तर पेशी अजून घरचं जेवण जेवताहेत. उपासानंतर पुन्हा एकदा धुवा (पाझरलेलं पोटॅशियम जातं) आणि एकूण १०० मिलिलिटर करा. दर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम.

द्रावणं अशी: पोटॅशियम क्लोराइड १ मोलर, म्हणजे ७.४६ ग्रॅम १०० मिलिलिटरमध्ये. सोडियम क्लोराइड १ मोलर, ५.८४ ग्रॅम. साखरेची द्रावणं करत बसू नका, लॅक्टोज पाण्यात फार विरघळत नाही. कोरडीच तोलून घाला.

प्रत्येक बीकरमध्ये यीस्ट २० मिलिलिटर, मिठाचं द्रावण ५, पाणी ७५. मीठ ५० मिलिमोलर झालं. मग:

पहिल्यात पोटॅशियम क्लोराइड आणि १.८ ग्रॅम निर्जल ग्लुकोज (१०० मिलिमोलर).
दुसऱ्यात सोडियम क्लोराइड आणि तेवढंच ग्लुकोज.
तिसऱ्यात पोटॅशियम क्लोराइड आणि ३.६ ग्रॅम लॅक्टोज मोनोहायड्रेट.
चौथा पहिल्यासारखाच, पण बर्फात, कारण थंडीत वाहतूक थांबते.

तिसरा बीकर हा या प्रयोगाचा कणा आहे. बेकरीचं यीस्ट लॅक्टोज खाऊ शकत नाही, पण गोडवा सोडला तर बाकी सगळं तेच: तोच परासरण दाब, तेच मीठ, त्याच पेशी. तिथे पीएच जवळपास हलला नाही आणि पहिल्यात घसरला, तर घसरण साखरेच्या पचनामुळे मिळालेल्या ऊर्जेची आहे असं म्हणता येतं. यीस्ट उकळून मारून तुलना करण्याची जुनी सवय सोडा. मेलेल्या पेशी फुटून आतली प्रथिनं आणि फॉस्फेट सोडतात, आणि तेच बफरचं, म्हणजे पीएच बदलू न देण्याचं, काम करून आकडे बिघडवतात.

चारही बीकरमध्ये हवेचा पंप सारखा बुडबुडे सोडत ठेवा. याचं कारण ऑक्सिजन नाही, कार्बन डायऑक्साइड आहे. यीस्ट तो भरपूर सोडतं, आणि शुद्ध कार्बन डायऑक्साइडने संपृक्त झालेल्या पाण्याचा पीएच ३.९ पर्यंत उतरतो. म्हणजे पंपाविनाही छान उतरता आलेख निघू शकतो! हवा खेळती ठेवली की तो उडून जातो. फेस येतो, म्हणून २५० मिलिलिटरचे बीकर घ्या.

साखर घातल्यावर पहिली पाच मिनिटं दर अर्ध्या मिनिटाने, पुढे विसाव्या मिनिटापर्यंत दर मिनिटाला वाचन. सुरुवात ५ ते ६ च्या दरम्यान होते आणि पहिल्या बीकरमध्ये ४ च्या आसपास किंवा खाली जाते. सोडियमच्या बीकरमध्येही पीएच उतरतो, पण हळू. धनभाराचा प्रोटॉन बाहेर गेल्यावर त्याच्या बदल्यात दुसरा धनभार आत यायला हवा, नाहीतर पटलावरची ओढ वाढून पंपच अडतो. पोटॅशियम आत येऊन ती जागा भरतं. सोडियमच्या बीकरमध्ये पेशीला सेंद्रिय आम्लांचे ऋणभार बाहेर सोडून कसंबसं निभवावं लागतं. किण्वन करणारं यीस्ट पोटॅशियम घेऊन आम्ल सोडतं याचा अभ्यास डब्लिनच्या एडवर्ड कॉनवे यांनी १९४० च्या दशकात केला होता. पंप कोणता, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

आलेख पुढे सपाट होतो तो साखर संपल्यामुळे नव्हे. बाहेर आम्ल साचलं की चढ वाढतो आणि वरच्या हिशेबातला ५० किलोज्यूलचा पैसा पुरेनासा होतो. शिवाय पीएच ही लॉगरिथमची मोजपट्टी असल्याने ५.५ ते ५ हा उतार आणि ४.५ ते ४ हा उतार यांत प्रोटॉनांचा फरक दहापट असतो. म्हणून नुसत्या पीएचच्या आलेखावरून वेग काढू नका. बाकी सगळं नीट केलेल्या प्रयोगवह्यांतही ही चूक दिसते.

वेगासाठी टायट्रेशन करा. शून्य आणि विसाव्या मिनिटाला २० मिलिलिटर नमुना काढा, फिरवून पेशी वेगळ्या करा, वरच्या द्रावणातून पाच मिनिटं हवा सोडा आणि सुरुवातीच्या पीएचपर्यंत १० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड घाला. समजा विसाव्या मिनिटाच्या नमुन्याला १.५ मिलिलिटर लागलं: १५ मायक्रोमोल, १०० मिलिलिटरला ७५. बीकरमध्ये यीस्ट १ ग्रॅम, वेळ २० मिनिटं, म्हणून दर ग्रॅमला दर मिनिटाला ३.७५ मायक्रोमोल. पीएच ५.५ वरून ४ ला उतरला तर १०० मिलिलिटरमध्ये मोकळे प्रोटॉन फक्त १० मायक्रोमोलच्या आसपास वाढलेले असतात; उरलेले विरघळलेल्या आम्लांच्या आणि पेशीभित्तीच्या बफरने गिळलेले. टायट्रेशनने द्रावणातला वाटा तरी सापडतो. हायड्रॉक्साइड त्याच दिवशी करा, उघड्या बाटलीत ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं.

हे प्रोटॉन सगळे पंपाचेच, असं मात्र लिहू नका. काही आम्ल सक्सिनिकसारख्या आम्लांच्या रूपाने बाहेर आलेलं असतं. पहिल्या आणि दुसऱ्या बीकरमधला फरक हा जास्त विश्वासाचा आकडा.

इलेक्ट्रोड स्वतःच पोटॅशियम सांडतो

पीएच इलेक्ट्रोडच्या आत ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड भरलेलं असतं आणि ते खालच्या बारीक छिद्रातून सतत पाझरतं. पाझरायलाच हवं, नाहीतर मीटर चालणार नाही. पण सोडियमच्या बीकरमध्ये १० मायक्रोलिटर जरी पाझरलं तरी ३० मायक्रोमोल, म्हणजे ०.३ मिलिमोलर पोटॅशियम झालं, आणि उपाशी यीस्टला तेवढं पुरेसं आमिष आहे. म्हणून त्या बीकरमध्ये इलेक्ट्रोड वाचनापुरताच बुडवा आणि दरवेळी विसळा. सोडियम आणि पोटॅशियमचे आलेख अगदी एकमेकांवर बसले, तर आधी इलेक्ट्रोडवर संशय घ्या, नंतर धुण्यावर, आणि मगच यीस्टवर.

दुसरे नेहमीचे घोळ झटकन सांगायचे तर: दुकानात डब्यात मिळणाऱ्या ग्लुकोज पावडरीत पुष्कळदा कॅल्शियमचं फॉस्फेट घातलेलं असतं, ते बफर आहे, लेबल वाचा, किंवा प्रयोगशाळेच्या दर्जाचं डेक्स्ट्रोज घ्या (मोनोहायड्रेट असेल तर १.९८ ग्रॅम). आजवा तलावाचं असो की मही नदीचं, नळाच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं, तेही तसंच. मे महिन्यात दुपारी बंद खोलीत पारा चाळिशी ओलांडतो आणि उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुमारास पहाटे १०-१२ अंश असतो. ३०° च्या वॉटर बाथशिवाय दोन दिवसांचे आकडे एका तक्त्यात लिहू नयेत.

दुसरा प्रयोग: पोटॅशियम खरंच आत गेलं का

पीएच घसरला म्हणजे पोटॅशियम आत गेलं, हा अंदाज झाला. पुरावा फ्लेम फोटोमीटर देतो. इथे ५० मिलिमोलर चालणार नाही, कारण त्यातून ०.७५ मिलिमोलर कमी झालेलं यंत्राच्या खडखडाटातच हरवेल. १ मिलिमोलरपासून सुरुवात करा: १ मोलर द्रावणाचे ०.१ मिलिलिटर, बाकी मांडणी पहिल्या बीकरचीच. पीएच इलेक्ट्रोड या बीकरमध्ये अजिबात घालायचा नाही.

शून्य, ५, १०, १५, २० मिनिटांना १ मिलिलिटर काढून ताबडतोब फिरवा. उशीर केला तर ट्यूबमध्येही शोषण चालूच राहतं. आधीपासून बर्फात ठेवलेल्या ट्यूब वापरा. वरचे ०.५ मिलिलिटर घेऊन दहापट पातळ करा. १ मिलिमोलर पोटॅशियम म्हणजे ३९ पीपीएम, पातळ केल्यावर ३.९, म्हणून ०, १, २, ३, ४, ५ पीपीएमची प्रमाण द्रावणं. पोटॅशियमची ज्वाला ७६६.५ नॅनोमीटरला वाचली जाते, डोळ्यांना ती जांभळट दिसते, आणि जरासं सोडियम असलं की पिवळ्याखाली लपून जाते. नमुन्यात सोडियम असेल तर प्रमाण द्रावणांतही तेवढंच घाला.

लॅक्टोजच्या बीकरमध्ये पोटॅशियम उलट किंचित वाढलेलं दिसलं तर घाबरू नका. उपाशी पेशी गळतात. फार वाढलं तर मात्र भिजवताना पाणी गार होतं.

तिसरा प्रयोग: लोहाच्या दारातली पहिली पायरी

लोहाचं प्रकरण तिरपागडं आहे. हवा लागलेल्या, आम्ल नसलेल्या पाण्यात लोह फेरिक स्वरूपात गंजून बसतं. यीस्टच्या पटलावरचं एफआरई१ त्याचं फेरस करतं. मग एफईटी३ नावाचं दुसरं प्रथिन तेच फेरस पुन्हा फेरिक करतं आणि शेजारच्या एफटीआर१ या वाटेच्या हाती देतं! खटाटोप वाटतो, पण त्यात निवड आहे: मँगनीज, जस्तासारखे दोन धनभारांचे दुसरे धातू या फेरफाराच्या चाळणीतून जात नाहीत. एफईटी३ च्या प्रत्येक रेणूत तांब्याचे चार अणू लागतात. त्यामुळे तांब्याविना वाढवलेलं यीस्ट लोहालाही मुकतं. तांब्याच्या अभावाने माणसालाही रक्तक्षय होतो. आपल्याकडे हेच काम सेरुलोप्लाझमिन आणि हेफेस्टिन ही तांब्याचीच प्रथिनं करतात.

कॉलेजात मोजता येते ती पहिली पायरी, फेरिकचं फेरस होणं. लागतं बॅथोफेनँथ्रोलीन डायसल्फोनेट, पुढे बीपीएस. ते फेरसला धरून लालभडक होतं, आणि पेशीत शिरत नाही.

पाकिटातल्या यीस्टला लोहाची ददात नसते, त्यामुळे त्यात एफआरई१ जेमतेम असतं. आधी भूक लावावी लागते. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १, पेप्टोन २, ग्लुकोज २ टक्के अशा माध्यमाचे दोन फ्लास्क: एकात बीपीएस १०० मायक्रोमोलर, दुसऱ्यात फेरिक क्लोराइड १०० मायक्रोमोलर. ३०° ला रात्रभर हलवा, सकाळी त्याच प्रकारच्या ताज्या माध्यमात पातळ करून चार-पाच तास वाढवा, ६०० नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण (पुढे नुसतं शोषण) ०.६ ते १ होईपर्यंत. वाढ ऐन भरात असतानाच पेशी घ्या.

५० मिलिमोलर सोडियम सायट्रेट, पीएच ६.५, त्यात ५ टक्के ग्लुकोज: या बफरने तीनदा धुवा, शोषण २ होईल इतपत १ मिलिलिटरमध्ये घ्या, ३०° ला दहा मिनिटं ठेवा. फेरिक क्लोराइड आणि बीपीएस, दोन्ही अंतिम १ मिलिमोलर. पंधरा मिनिटांनी फिरवून वरचं द्रावण ५३५ नॅनोमीटरला वाचा. सोबत पेशी नसलेली ट्यूब हवीच.

आणि अंधार. ही अट शोभेची नाही: फेरिक सायट्रेट उजेडात आपोआप फेरस होतं. खिडकीशी ठेवलेली पेशीविरहित ट्यूब वीस मिनिटांत गुलाबी झाली तर ती बडोद्याच्या उन्हाची करामत, यीस्टची नव्हे. ट्यूबना ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळा.

हिशेब: शोषण ०.४४३ आलं (पेशीविरहित ट्यूबचं वजा करून), भागिले २२,१४०, म्हणजे २० मायक्रोमोलर. १ मिलिलिटरला २० नॅनोमोल, शोषण २ च्या पेशी, १५ मिनिटं: दर एकक शोषणाला दर मिनिटाला ०.६७ नॅनोमोल. पेशींची संख्या सांगायच्या फंदात पडू नका, शोषणावरून संख्या यंत्रागणिक बदलते. शोषण १.५ च्या वर गेलं तर वेळ कमी करा. भुकेल्या फ्लास्कचा आकडा कितीतरी पट जास्त यायला हवा. दोन्ही सारखे आले तर बहुधा काचेच्या भांड्यांतूनच लोह येतंय. प्लास्टिकची भांडी १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर ठेवून डिस्टिल्ड पाण्याने विसळलेली बरी, आणि तोलायला स्टीलचा चमचा नको. फेरिक क्लोराइडचं मूळ द्रावण ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात करा, नुसत्या पाण्यात ते चार दिवसांत गंजाचा गाळ धरतं.

लोह आत किती गेलं हे या प्रयोगातून कळत नाही, आणि अहवालात "लोहाचं शोषण" असं शीर्षक देणं चूक ठरेल. ते मोजायला किरणोत्सारी लोह किंवा मोठं उपकरण लागतं. तिथेही पहिली अडचण एकच असते: धातू पेशीभित्तीला नुसता चिकटलेला असतो आणि आत गेल्यासारखा मोजला जातो. म्हणून एक नमुना कायम बर्फात ठेवतात. थंडीत वाहतूक थांबते, चिकटणं थांबत नाही. बर्फातला आकडा ३०° च्या आकड्यातून वजा करायचा. सगळे नमुने थंड ईडीटीएने (धातू धरून ठेवणारं रसायन) धुतले की वजा करायचा आकडाही लहान होतो.

आवरताना बीपीएसचं लाल द्रावण वेगळ्या बाटलीत साठवा. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्यात ठेवून जाऊ नका, त्याच्या आतलं मीठ रात्रभर बाहेर झिरपतं आणि दुसऱ्या दिवशी वाचन स्थिर होत नाही. टोपणात ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड भरून उभा ठेवा.